मध्येच डोळे मिटणारा संगणक

वेधशाळेत चौतीस वर्षं ढग बघून निवृत्त झालेल्या बाईंना आता कसली म्हणून घाई नव्हती. जुन्या वह्यांतल्या नोंदी त्या घरच्या संगणकावर उतरवून काढत होत्या. ‘पिंजलेला, पांढरा, पश्चिमेकडून, अकराला विरला.’ टाइप करताना तोच ढग पुन्हा खिडकीवरून सरकतोय असं वाटे आणि बाईंची तंद्री लागे. अशाच एका दुपारी पडदा काळा झाला. क्षणभर खोलीत चिडीचूप. मग पंखा घरघरला आणि संगणक झोपमोड झाल्यासारखा पहिल्यापासून सुरू झाला. पाऊण पान गेलं.

आठवड्यात असं सहादा झालं. दुकानातल्या माणसाने सगळं पुसून नव्याने भरून दिलं, पण दुसऱ्याच दिवशी पहिले पाढे पंचावन्न!

शेवटी बाईंनी नणंदेला फोन केला. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुरुस्तीचं काम करून निवृत्त झालेली. दोघींचं भांडण असं कधी नव्हतं. पण यजमान गेल्यापासून बोलणं तब्येतीच्या चौकशीपुरतंच उरलं होतं.

नणंद पेचकस, मऊ ब्रश आणि दोन चष्मे घेऊन आली. दुकानदाराचं ऐकून हसली.

“रोग रेड्याला आणि औषध पखालीला! वहिनी, बंद पडताना निळा पडदा येतो का? काही लिहिलेलं?”

“काहीच नाही, वन्सं. दिवा फुंकावा तसा जातो.”

“मग वीज बघायला हवी. पण आधी बाकीच्यांना निर्दोष ठरवू.”

त्या दिवशी संगणकाच्या डब्यातली धूळ निघाली. दुसऱ्या दिवशी मेमरीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवली, नंतर दुसरी. तिसऱ्या दिवशी भिंतीवरचा प्लग बदलला. प्रत्येक बदलानंतर एकच काम: वाट बघणं. खिडकीतून ऊन जमिनीवर उतरायचं, खुर्चीच्या पायाशी यायचं, पुढे सरकायचं. दोघी पडद्याकडे बघत बसायच्या आणि आपण संगणकाकडे बघतोय की आभाळाकडे, हे बाईंना कळेनासं व्हायचं. संगणक मालवला की बाई सवयीने वेळ लिहायच्या. दोन बेचाळीस. तीन एकोणीस.

“दादा लहानपणी असाच होता,” नणंद एकदा म्हणाली. “बोलता बोलता झोपायचा. उठला की गोष्ट पहिल्यापासून.”

बाईंना हे ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी यजमानांना दुपारी झोपलेलं पाहिलंच नव्हतं. त्या कितीतरी वेळ तो झोपाळू मुलगा डोळ्यांपुढे आणत राहिल्या.

चौथ्या दिवशी नणंदेने पिशवीतून एक पत्र्याची पेटी काढली. संगणकाला वीज पुरवणारी जुनी पेटी उतरवून तिच्या जागी ही बसवली. जुन्या पेटीच्या जाळीतून टॉर्च मारून तिने बाईंना आत बघायला लावलं. दोन बारीक नळकांडी माथ्यावर फुगली होती.

“ही दमलीत. वीज मध्येच तोकडी पडते आणि बिचारा आडवा होतो.”

चार वाजले, पाच वाजले. पडदा उजळच राहिला. सलग पाच पानं झाली.

“पण ही नवी पेटी कुठून आणलीत, वन्सं?”

“माझ्याच संगणकातली. नवी मागवली आहे, पंधरा दिवसांनी मिळेल.”

“अहो, मग तोवर तुमचा?”

“बंद. माझी ईमेलवरची पत्रं मी इथे येऊन वाचेन. चालेल ना?”

बाईंनी दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढली. नणंदेने चष्मा बदलला, वही उचलली आणि वाचू लागली, “‘सकाळी दहा, करडा, थरांचा, स्थिर...’ वहिनी, स्थिर म्हणजे किती वेळ गं?”

“तो ढग?” बाई म्हणाल्या. “तो दिवसभर हललाच नव्हता. वाचा पुढे.”