बिनमालकाच्या वाटेची इर्जिक

मी एक जुनी कुदळ आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नाही बसला तरी ऐका. माझ्या शेजारी भिंतीला टेकून ही पहार उभी आहे ना, तिने सगळं पाहिलंय. पण ती मुळातच घुमी, म्हणून मला बोलावं लागतं.

मित्रांनो, माझा जन्म घोटीचा, जमील लोहाराच्या भट्टीतला. त्याने मला लालबुंद असताना पाण्यात बुडवलं तेव्हा अशी वाफ उठली, की पाऊस आला समजून घोटीकरांनी वाळत घातलेलं भात घरात नेलं! माझा दांडा बाभळीचा. आजवर एकदाही मोडलेला नाही, हे ध्यानात ठेवा.

मला विकत घेतलं हरसूलकडच्या डोंगरातल्या इसाक पिंजाऱ्याने. तो बाजारात कापूस पिंजायचा आणि घरामागे थोडी नागली लावायचा. गावाच्या वर एक खिंड होती. खिंडीपलीकडच्या पाड्यावर कुसाबाई सुईण राहायची. पूर्वी पाऊलवाटेने ती अर्ध्या तासात गावात येई. पुढे घाणेरी आली. कुण्या साहेबाने बंगल्याच्या कुंपणाला शोभेची म्हणून लावली होती म्हणे. पाखरांनी तिची फळं खाल्ली, बिया डोंगरभर सांडल्या आणि चार-पाच पावसाळ्यांत वाट गिळली गेली. मग उरला गाडीरस्ता; त्याने वळसा घालून यायला अर्धा दिवस. इसाकची बायको हुस्नबानो पहिल्यांदा बाळंत झाली तेव्हा कुसाबाई त्याच वळशाने आली. तोवर बाळ गेलं होतं.

चौतीस सालच्या दिवाळीत हुस्नबानोला पुन्हा दिवस भरत आले. इसाक पारावर जाऊन म्हणाला, “वाट मोकळी करू या, भावांनो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग पारावरच्या गोरक्षने घोळ घातला. “इर्जिक घालू की! पर जेवण कुणाचं?”

आमच्याकडे इर्जिकीला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या कामाला, मजुरी नसते. ज्याच्या शेतात काम, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. पण वाट कुणाचं शेत?

“मी घालतो जेवण,” इसाक म्हणाला.

“वा रं वा! उद्या म्हणशील, वाट माझी हाय, चालू नका!”

लोक हसले आणि घरी गेले. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी हुस्नबानोला तपासायला कुसाबाई गाडीरस्त्याने आली. तिच्या कानावर हे पडलं. तशीच पारापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“वाट माझी हाय. चाळीस वर्सं मीच तुडवली. इर्जिक मी घालते.”

“आन् जेवण, आजी?” गोरक्षने विचारलं.

“ज्याला ज्याला मी या हातांनी भाईर काढला, त्यानं घरून भाकर आणायची. तू तर पायाळू व्हतास, गोरक्षा. लय छळलंस. तू दोन माणसांची आण!”

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव फडक्यात भाकरी बांधून हजर! मित्रांनो, अशी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. गोरक्ष कोयता घेऊन सपासप कापत सुटला.

“आरं, दाढी रोज करतोस,” कुसाबाई ओरडली, “उगवायची थांबली का? मूळ काढ, मूळ!”

मग माझी पाळी आली. एक मूळ मी असं ओढलं, की तिकडे हरसूलच्या बाजारात एका बाईची भाजीची टोपली हलली. एका जाळीत बिबट्या निजला होता. मला पाहताच उठला, रामराम करून निघून गेला. बायांनी काटेरी फांद्यांचे ढीग रचून जाळले. बाप्यांनी पावसाने खचलेल्या वाटेला दगडांच्या पायऱ्या बसवल्या, पाणी वाहून जायला कडेने चर काढले. हातांतून रक्त यायचं, पण कुणी घरी गेलं नाही.

कामाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुसाबाई औषधाची पिशवी आणायला वळशाने पाड्यावर गेली आणि तिसऱ्या दिवशी हुस्नबानोला कळा सुरू झाल्या. इसाक धावत खिंडीत आला. खिंडीच्या तोंडाशी एकच जाळी उरली होती, पण घराएवढी. तिच्यापलीकडे कुसाबाई पिशवी घेऊन उभी. “ओढा रं, ओढा!” एवढाच तिचा आवाज येत होता.

जाळी निघाली. म्हातारी त्या पायऱ्यांवरून पोरीसारखी धावली. संध्याकाळी इसाकच्या घरातून रडण्याचा आवाज आला आणि सगळं गाव हसलं. ती आबिदा. आता पाच वर्षांची आहे, त्याच वाटेने कुसाबाईकडे बोरं खायला जाते.

तेव्हा मित्रांनो, ज्या वाटेला मालक नसतो तिची काळजी सगळ्यांनी घ्यावी. पावसाळा सरला की एकदा तरी जाऊन बघा. घाणेरीचं कोवळं रोप दिसलं तर मुळासकट काढा. आणि आम्हा अवजारांनाही थोडं तेल लावा. कारण त्या दिवशी खिंडीतलं ते शेवटचं मूळ कुणी काढलं? मी! एकटीने! एका घावात—

“पुरे गं, खोटारडे!” पहार खणकन् बोलली. “तुझा दांडा त्या दिवशी सकाळीच मोडला होता. मी दगडाखाली अडकले होते. ते मूळ माणसांनी नुसत्या हातांनी उपटलं, आणि सगळ्यात पुढे गोरक्ष होता!”