हिरव्या घरचा डावखुरा

नाताळ तोंडावर आला आणि सान पेद्रोचा हिरवा बेसबॉल संघ स्पर्धेतून बाद झाला. दोन्या क्रिस्पिना, म्हणजे क्रिस्पिनाबाई, गल्लीच्या तोंडाशी यानिकेके, म्हणजे मैद्याच्या कुरकुरीत पोळ्या, तळायची. त्या दिवशी तिने पोळी इतक्या जोरात लाटली की पोळपाट हलला. हिरव्यांचं दुःख दरवर्षीचंच होतं, पण यंदाचं दुखणं घरातलं होतं. तिचा मुलगा एस्मेलिन हिवाळ्यात हिरव्यांकडून चेंडू टाकायचा. डावखुरा पिचर, वय चौतीस. उन्हाळ्यात तो खेळायचा त्या अमेरिकेतल्या संघाने ऑक्टोबरात त्याला 'आता तू मोकळा' असं सांगून टाकलं होतं, आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं.

"मोकळा खेळाडू म्हणजे कसा गं, दोन्या?" समोरचा न्हावी तातिको मुद्दाम विचारायचा. "माझ्या मेव्हण्यासारखा?"

"तुझा मेव्हणा जन्मापासून मोकळा. माझ्या पोराने खांदा झिजवलाय."

एस्मेलिनच्या दलालाने फोनवर आडपडदा ठेवला नाही. "जानेवारीत अमेरिकेतल्या एका संघाचा पारखी येतोय, खेळाडू निवडायला. त्याला डावखुराच हवाय. पण तो सामना बघतो, अंगणातला सराव नाही. जानेवारीत तुला मैदान नसेल, तर मीसुद्धा तुझं नाव कुणापुढे काढू शकत नाही."

मैदानाची वाट एकच होती. बाद झालेल्या संघांतले चांगले खेळाडू उरलेले संघ आपसात वाटून घेतात, रेडिओवर नावं पुकारून. आणि यंदा डावखुऱ्याची गरज होती फक्त निळ्यांना. राजधानीच्या निळ्यांना.

इथेच घोडं पेंड खात होतं. क्रिस्पिनाच्या घरात निळी बादलीसुद्धा चालत नसे. भाचीने लग्नात निळा झगा घातला, तर ही केक न खाता उठून आली. आणि गेल्या महिन्यात निळ्यांनी हिरव्यांना धुतलं, तेव्हा तिने फुलवियोच्या रेडिओवरच्या खेळाच्या कार्यक्रमात फोन लावून साऱ्या बेटाला ऐकवलं होतं, "माझा एस्मेलिन निळ्यांसाठी चेंडू काय, दगडसुद्धा टाकणार नाही! त्यांचा तो व्यवस्थापक माझ्या दारात आलाच, तर कढईत तेल उकळतंच आहे!"

लोक पोट धरधरून हसले होते. आता हसू महागात पडत होतं. नावं पुकारायच्या आदल्या दुपारी तो व्यवस्थापक फुलवियोसमोर बसून म्हणाला, "एस्मेलिन मला आवडतो. पण ज्या घरात माझ्यासाठी तेल तापतंय, तिथे हात कसा घालू? मनाने परका असलेला माणूस संघाला जड होतो."

एस्मेलिन मागच्या अंगणात भिंतीवर चेंडू मारत होता. घरातल्या रेडिओवरचं ते बोलणं त्याने खिडकीतून ऐकलं. चेंडूचा आवाज थांबला. क्रिस्पिना अंगणात गेली तेव्हा तो हातमोजा पिशवीत घालत होता.

"झालं का आजचं?"

"कायमचं झालं, आई. तातिकोच्या भावाला ट्रक चालवायला माणूस हवाय."

"माझ्या तोंडामुळे?"

"छे गं. खांदाच दुखतो हल्ली." आणि तो हसला.

हे पोर लहानपणापासून खोटं बोलताना हसायचं. क्रिस्पिनाने पदर नव्हता म्हणून ॲप्रनलाच हात पुसले, सरळ तातिकोच्या दुकानात शिरली आणि फोन लावला. दुकानातला रेडिओ चालूच होता.

"फुलवियो, मी क्रिस्पिना. तेलवाली."

"देवा रे! दोन्या, कढई तापली का?"

"गप बस आणि ऐक. तो निळा माणूस आहे का अजून तिथे?"

"आहे. जरा मागे सरकून बसलाय."

"मग त्यालाही ऐकू दे. मी हिरवी आहे. मेले तरी शवपेटीत हिरवंच कापड अंथरणार आहेत, त्यात बदल नाही. पण बोलले ती माझी जीभ. चेंडू टाकतो तो त्याचा हात. मी पोराला दूध पाजलं, रंग नाही पाजला. त्याचा हात कुणाचाही मिंधा नाही. माझी जीभ त्याच्या घासाच्या आड आली. ती मी मागे घेते, अख्ख्या बेटासमोर."

तातिकोचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थबकला. मग रेडिओवर व्यवस्थापकाचा आवाज आला, "दोन्या, पण त्या तेलाचं काय?"

"तेल उकळतंच आहे. ये, गरम यानिकेके खाऊन जा!"

दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली न्हाव्याच्या दुकानात कोंबली गेली. निळ्यांनी पहिलं नाव घेतलं ते दुसऱ्याच कुणाचं. दुसरंही दुसऱ्याच कुणाचं. एस्मेलिन दाराला टेकून जमिनीकडे बघत होता. तिसऱ्या वेळी फुलवियो ओरडला, "सान पेद्रोचा डावखुरा, एस्मेलिन!"

खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर नाचायला पळालं. मोटारसायकलींचे भोंगे वाजले. क्रिस्पिनाने पोराला कवटाळलं, डोळे पुसले आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "नालायक मेले! माझ्या पोराला तिसरा घेतात?"

जानेवारीत ती राजधानीच्या मैदानावर गेली. हिरवा झगा घालून जावं तर पोराला अडचण, निळा घालावा तर जीव जाईल. म्हणून पांढरा घालून निळ्या गर्दीत बसली. आठव्या डावात प्रतिस्पर्धी पिवळ्या संघाचे दोन धावपटू धाव पूर्ण करायला टपून उभे होते आणि समोर त्यांचा सगळ्यात दांडगा बॅटवाला. एस्मेलिन मैदानात उतरला. जाळीमागे पारखी वेग मोजायचं यंत्र रोखून बसला होता.

दोन चेंडू जोरात गेले, दोन्ही वेळा बॅट उशिरा फिरली. तिसरा एस्मेलिनने इतका हळू सोडला की दांडग्याची बॅट आधीच फिरून गेली आणि चेंडू मागून सावकाश आला. तिसऱ्यांदा हुकला, म्हणजे दांडगा बाद.

"ते माझं पोर आहे!" क्रिस्पिना बाकावर चढून ओरडली. शेजारच्या अनोळखी निळ्या बायांनी तिला मिठ्या मारल्या आणि तिने मारू दिल्या.

सामना संपल्यावर दलाल पारख्याला घेऊन आला. बाहेर ढोल बडवले जात होते. पारखी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये क्रिस्पिनाला म्हणाला, "सेन्योरा, कागदावर चौतीस लिहिलंय. खरं वय किती?"

"चौतीसच. बाळंतीण मी झाले होते, कागद नव्हता झाला!"

पारखी खदखदून हसला आणि एस्मेलिनकडे वळला. "फेब्रुवारीत येशील आमच्याकडे? एका वर्षाचा करार."

एस्मेलिन हो म्हणाला, पण ढोलांत ते पारख्याला ऐकू गेलं नाही. मग क्रिस्पिनाने पारख्याची बाही धरली आणि त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं, "हो म्हणतोय तो! हो!"