बसा की, भाऊजी

अंगावर पडलेली सरपणाची थप्पी दादानंच लावली होती, असं धाकट्या भावानं बेकरीच्या मालकाला सांगितलं, तेव्हा दादा दवाखान्यात बेशुद्ध होता. किती सोयीचं! ज्याचा पाय लाकडांखाली चेंगरला त्याच्याच डोक्यावर खापर. वर डोळ्यांना रुमालही लावला म्हणे. सगळी बेकरी हळहळली, भाऊ असावा तर असा.

खरं काय ते दोघा भावांनाच ठाऊक होतं. भट्टीसाठी फोडलेलं सरपण ते मागच्या आवारात रचत, थप्प्या आपसांत वाटून घेत. त्या दिवशी दादा चहा प्यायला टेकला होता तो धाकट्याच्या थप्पीपाशी. घरी आल्यावर त्यानं हे बायकोला एकदाच सांगितलं आणि लगेच म्हणाला, "जाऊ दे गं. भाऊ आहे माझा. त्यालाही लेकरंबाळं आहेत."

"आणि लोक तुम्हाला ढिसाळ म्हणतात ते?"

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लंगडा म्हटलेलं त्यानं हसण्यावारी नेलं असतं, पण ढिसाळ हा शब्द त्याला जाळत होता. हा माणूस एकेक लाकूड ठेवल्यावर हातानं ठोकून बघायचा. तळाला दोन ओंडके घालायचा, म्हणजे ओल चढत नाही. दोन्ही टोकांना आडवी-उभी चौकट बांधायचा, म्हणजे थप्पी बाहेर फुटत नाही. आणि हा ढिसाळ! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथंच राहिली.

मालकानं दयेपोटी तिला सरपण वाहायच्या कामावर घेतलं. धाकटा एव्हाना मुकादम झाला होता. पहिल्याच दिवशी चारचौघांत म्हणाला, "वहिनी, जपून हं. दादासारखा निष्काळजीपणा नको."

"नाही हो भाऊजी," ती म्हणाली. मेल्या, थांब तू.

तिनं त्याच्या थप्प्या नीट पाहिल्या. समोरून काय देखण्या! लांब, सरळ लाकडं, तोंडं एका रेषेत. फटीतून हात घातला तर कोपरापर्यंत नुसती हवा. मागं आखूड, वाकडं, हाताला येईल ते फेकलेलं. मालक बघायचा तो समोरून, आणि धाकटा रचायचा तोही समोरूनच. नवऱ्यानं लावलेली एक जुनी थप्पी मात्र आवाराच्या टोकाला अजून उभी होती. तिथलं सरपण ती मुद्दाम उचलत नव्हती.

एका दुपारी मालक आणि भट्टीवरची माणसं आवारात चहाला बसली. तिनं पदर खोचला, जुन्या थप्पीपाशी गेली आणि अगदी तळाचं एक लाकूड हिसडे देऊन बाहेर ओढलं. थोडी धूळ पडली. बाकी काही नाही.

"मालक, ही ह्यांनी लावलेली. ढिसाळ माणसाची." मग तिनं एक स्टूल उचलून धाकट्याच्या थप्पीच्या पायथ्याशी ठेवलं. "आता तुम्ही बसा की, भाऊजी. चहा प्या. तुमच्याही थप्पीचं तळाचं एक काढते."

"काहीतरीच काय, वहिनी!" तो हसला. बाकीचेही हसले.

"बस की रे," मालक म्हणाला. "बाई एवढं म्हणतेय तर."

तो बसेना. तिनं तळाच्या लाकडाला हात घातला आणि जरासं हलवलं. वरून एक ढलपी घरंगळली.

"वहिनी, ओढू नका! आतून पोकळ आहे ती!"

गेला शब्द तोंडातून, आता काय गिळणार?

"आणि ह्यांच्या पायावर पडली ती?" तिनं हात काढला नव्हता. "ती कुणाची होती?"

"...माझी."

"मोठ्यानं. भट्टीपर्यंत ऐकू जाऊ दे."

"माझी होती! मी लावली होती!"

मालक त्याला तिथल्या तिथं हाकलणार होता. तीच म्हणाली, नको, आधी ही थप्पी उतरवून पुन्हा लावू दे. पण ह्यांना समोर आणून बसवल्याशिवाय नाही.

दुसऱ्या दिवशी दादाला हातगाडीवरून आणून खुर्चीत बसवलं. धाकटा घामाघूम होऊन रचत होता, ती प्रत्येक लाकूड ठोकत होती. "हलतंय. काढा." पुन्हा ठेवलं की पुन्हा ठोकत होती. "हेही काढा."

"पुरे गं आता," दादा म्हणाला. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

शेवटचं लाकूड चढलं तेव्हा तिनं स्टूल पायथ्याशी सरकवलं. "आता बसा, भाऊजी."

तो बसला. तिनं सगळा जोर लावून तळाचं लाकूड ओढून काढलं. थप्पी जागची हलली नाही.

दादाच्या चेहऱ्यावर केवढं समाधान! "बघ, येतं की त्याला," तो म्हणाला.

येत होतं. तेव्हाही येतच होतं मेल्याला, नुसता कंटाळा केला होता. थप्पी पडली नाही याचं तिला, खरं सांगायचं तर, फार वाईट वाटलं. तिनं शेजारच्या लाकडाला हात घातला.