जीपवरचं पाणी

निवृत्त झाल्यावर कुणी तीर्थयात्रेला निघतं, कुणी नातवंडांत रमतं. सिन्नरच्या गोरक्षअण्णांनी जुनी जीप घेतली. चारही चाकांना जोर लागणारी, दणकट, आणि सुरू झाली की सगळ्या आळीला कळवणारी. कारखान्याच्या मेन्टेनन्स खात्यात अण्णांची हयात गेली होती. त्यामुळे यंत्र म्हटलं की ते कधी ना कधी बंद पडणार, यावर त्यांची देवापेक्षाही जास्त श्रद्धा होती.

तेव्हा आधी तयारी झाली. वेल्डरकडून मागच्या दाराला लोखंडी चौकटी करून घेतल्या आणि त्यात डिझेलचे दोन पत्र्याचे कॅन पट्ट्यांनी आवळून बसवले. टपावर कॅरियर लावलं, त्यावर पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन. मग बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला बोलावून डिझेलच्या कॅनवर लाल अक्षरात ‘डिझेल’ आणि पाण्याच्या कॅनवर निळ्या अक्षरात ‘पिण्याचे पाणी’ असं लिहून घेतलं. तेही दोन्ही बाजूंनी, म्हणजे घाईगडबडीत कुणाचा घोळ व्हायला नको.

“शिर्डीला जाऊन यायचं तरी वाळवंटात निघाल्यासारखी तयारी,” त्यांच्या पत्नी उज्वलाबाई म्हणायच्या.

“लागलं म्हणजे कळेल,” अण्णा म्हणायचे. अजून काही लागलं नव्हतं.

वैशाखात एके संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. अण्णांची सून संजना सुरगाण्याकडची, डोंगरातल्या उंबरमाळ नावाच्या आदिवासी पाड्यावरची. नाशिकच्या दवाखान्यात नर्स होती आणि तिथेच अण्णांच्या मुलाशी, राकेशशी, तिची ओळख झाली होती. लग्न ठरलं तेव्हा भावकीत कुजबुज झाली, पण अण्णांनी ती एका वाक्यात मिटवली होती. “पोरगी बघा, पाडा काय बघता?” या वाक्याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता. लग्न नाशिकच्या कार्यालयात झालं, त्यामुळे व्याह्यांचं घर मात्र अजून पाहिलं नव्हतं.

“व्याही, इहिरीला पानी लागलं,” पलीकडून मंगळू सांगत होते. त्यांच्या आवाजातच पाणी लागल्याचं कळत होतं. “दोन उन्हाळे खंदत होतो. आयतवारी पूजा हाय. तुम्ही आल्याबिगर नारळ फोडायचा नाय, असं ठरलंय आमचं.”

“येतो म्हणजे येतोच,” अण्णा म्हणाले आणि फोन ठेवल्याबरोबर टायरची हवा बघायला गेले.

राकेशला कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. रविवारी पहाटे अण्णा, उज्वलाबाई आणि संजना असे तिघेच निघाले. अण्णांनी आदल्या दिवशीच चारही कॅन गळ्यापर्यंत भरून टपावर चढवले होते.

“अहो, विहिरीच्या पूजेला निघालोय आपण,” उज्वलाबाई म्हणाल्या. “तिथे पाणी घेऊन जायचं?”

“पाणी त्यांच्या विहिरीत आहे. रस्त्यात कुठे आहे?”

संजनाने टपाकडे पाहिलं, निळी अक्षरं वाचली. “अण्णा,” ती म्हणाली, “एवढं पाणी...”

“घाटात गाडी तापली तर? अडकलो तर? तू नको काळजी करू. बस.”

ती बसली. तिला वेगळंच काही म्हणायचं होतं, पण नव्या सुनेने किती बोलावं याचा अंदाज अजून तिला आला नव्हता.

वणीला चहा झाला. पुढे रस्ता अरुंद होत गेला, साग आणि मोहाची झाडं अंगावर आली, आणि सुरगाण्याच्या अलीकडे डांबर संपून नुसता मुरूम उरला. तिथे जीप झुलायला लागली. ऐंशी किलो पाणी डोक्यावर घेतलेली गाडी प्रत्येक वळणावर अशी कलायची की उज्वलाबाईंनी पुढची दांडी धरली ती सोडलीच नाही. एका उतारावर तर मागचं चाक क्षणभर उचललं गेल्यासारखं वाटलं.

“थांबवा,” त्या म्हणाल्या. “मी चालत येते.”

अण्णांनी गाडी थांबवली. वजन खाली हवं, टपावर नको, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळायला हवं होतं, पण कॅरियर करून घेतल्यावर त्यावर काही ठेवल्याशिवाय राहवतं का? त्यांनी कॅन खाली उतरवले. संजनाने मागच्या सीटच्या पायाशी जागा केली. एकेक कॅन आत घेताना ती त्याची अक्षरं सीटकडे वळवून ठेवत होती. अण्णांच्या ते लक्षात आलं नाही. आलं असतं तरी दोन्ही बाजूंना तेच लिहिलेलं होतं.

पाड्यावर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सगळा पाडा अंगणात जमला होता. मंगळूंनी पांढरी टोपी घातली होती. त्यांनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. त्यांची थोरली बहीण कुसाबाई, संजनाची आत्या, पितळी तांब्या घेऊन दारात उभी होती. उंबरमाळला कुसाबाईंच्या जिभेला सगळे बिचकून असत.

संजनाने उतरण्यासाठी मागचं दार उघडलं आणि तिथेच घोळ झाला. कुसाबाईंनी आत डोकावलं.

“ह्ये काय आणलंय एवढं? तेल हाय का?” त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या आशाला, संजनाच्या चुलतबहिणीला, पुढे ढकललं. “वाच गं.”

आशा यंदा दहावी पास झाली होती. तिने शाळेतल्यासारखं खणखणीत वाचलं, “पिण्याचे पाणी.” मग दुसऱ्या कॅनकडे वळून, “पिण्याचे पाणी.”

संजना खाली मान घालून उभी राहिली.

“व्याही प्यायचं पानी घरून घेऊन आलेत,” कुसाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच तो जास्त लागला. त्यांनी तांब्याकडे पाहिलं आणि तो मागे घेतला.

“अक्का, तसं नाय,” मंगळू घाईने म्हणाले. “शहरातल्या मान्सांना पानी बाधतं. त्यांनी घ्यावं त्यांचं. आशे, ग्लास आण, त्यातलंच काढून दे व्याह्यांना.”

हे पाणी गाडीसाठी आहे, घाटासाठी आहे, मी भित्रा आहे म्हणून आहे, असं सांगायला अण्णांनी तोंड उघडलं, पण कॅनवरच्या अक्षरांपुढे त्या सांगण्याला काय किंमत? ज्यांच्या घरचं पाणी पिढ्यानपिढ्या लोकांनी टाळलं, त्यांच्या दारात ते स्वतःचं पाणी, वर ठसठशीत नाव घालून, घेऊन आले होते. भावकीला ऐकवलेलं ते वाक्य त्यांना आठवलं आणि कान तापले.

“मला तुमच्या तांब्यातलं द्या, ताई,” ते म्हणाले.

“राहू द्या. उगा पोट बिघडलं म्हंजे आमच्या नावानं,” कुसाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

उज्वलाबाई मात्र त्यांच्या मागोमाग चुलीपाशी गेल्या, हंड्यावरचा पेला उचलला, स्वतःच पाणी घेऊन प्यायल्या आणि भाकरी थापायला बसल्या. तेवढ्यानं आतलं वातावरण सैलावलं. बाहेरचं तसंच राहिलं.

विहीर घरामागच्या उतारावर होती. मंगळू, त्यांचे दोन भाऊ आणि बायका-पोरं यांनी मिळून ती खोदली होती. कातळ फोडलेल्या खुणा भिंतीवर ताज्या होत्या आणि तळाशी, आभाळाचा तुकडा धरून, पाणी होतं. अण्णांनी काठावरून वाकून आत पाहिलं.

“वीज अजून आली नाय,” मंगळू म्हणाले. आता ते जरा अंतर राखून, जास्तच अदबीने बोलत होते आणि अण्णांना ती अदब टोचत होती. “शेजारच्या पाड्यावरून पंपाचं इंजिन मागून आणलंय. इंजिननं पानी वर काढायचं, पाइपातून आलं की पूजा. पन डिझेल आणायला गेलेला गडी अजून आला नाय. वाटेत मोटारसायकल पंक्चर झाली म्हनतो. माणसं सकाळपासनं उपाशी हायेत.”

अण्णा जीपकडे गेले आणि पट्ट्या सोडून डिझेलचा कॅन घेऊन आले. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच उघडला जात होता. त्यांनी इंजिनच्या टाकीत डिझेल ओतलं. असा प्रसंग यावा म्हणून त्यांनी किती वाट पाहिली होती आणि आता आला तर त्याचा आनंदही वाटेना.

मंगळूंच्या भावाने हँडल मारलं. इंजिन खोकलं, धुराचा गोळा सोडला आणि धडधडायला लागलं. सगळे पाइपाच्या तोंडाकडे पाहू लागले. पाइपातून नुसती हवा फुसफुसली.

“पंप कोरडा हाय,” मंगळू म्हणाले. “आधी त्याच्या पोटात पानी भरल्याबिगर तो वडनार नाय.” त्यांनी इंजिन बंद करायला सांगितलं, पंपाचं झाकण खोललं. भाऊ दोरीने बादली ओढू लागला. एक बादली वर यायला चांगला वेळ लागायचा, आणि खालच्या टोकाची झडप नीट बसत नसावी, कारण ओतलेलं पाणी पाइपातून गुपचूप परत विहिरीत उतरायचं. दुसरी बादली येईपर्यंत पंप पुन्हा कोरडा.

“एकदम भरपूर ओतलं पाहिजे,” मंगळू म्हणाले. “झडपेला दाब बसला की धरल ती.”

ते ऐकताच अण्णा पुन्हा जीपकडे वळले. एक कॅन खांद्यावर, एक हातात. मागून संजना दुसरे दोन घेऊन आली.

“अण्णा, सगळं?” तिने विचारलं.

“सगळं.”

त्यांनी पहिला कॅन पंपाच्या तोंडाशी धरला. पाणी गटगट आत गेलं. मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी पंपाच्या तोंडाशी बुडबुडे आले आणि पाणी वर चढू लागलं. “धरली,” मंगळू म्हणाले. चौथ्याने पाणी काठाला टेकलं. रिकामा कॅन अण्णांनी उलटा करून झटकला. आता त्यांच्याकडे पिण्याचं पाणी थेंबभरही नव्हतं. उज्वलाबाई चुलीपासून उठून आल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “आणि परतीला?”

“व्याह्यांचं,” अण्णा म्हणाले.

झाकण आवळलं, हँडल मारलं. इंजिन धडधडलं, पाइप एकदा उडाला, दुसऱ्यांदा उडाला, आणि लालसर गढूळ पाण्याचा लोट बाहेर पडला. पाड्याने एकच कल्ला केला. पोरं ओलीचिंब झाली. कुसाबाईंनी पहिलं पाणी ओंजळीत धरून काठावरच्या देवाच्या दगडावर वाहिलं, हळदकुंकू लावलं, आणि मंगळूंनी नारळ अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो फोडला. खोबऱ्याचा तुकडा देवापुढे ठेवला, आणि मग, कुणाला काही कळायच्या आत, पाइपापुढे बसून ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

“अवो, थांबा,” कुसाबाई म्हणाल्या. “गढूळ हाय अजून. नितळू द्या.”

अण्णा प्यायले होते. मिशीवर लाल मातीची रेघ उमटली होती, दातात कचकच लागत होती. त्यांनी दुसरी ओंजळ भरली.

कुसाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. आणि त्या हसू लागल्या, पदराने तोंड झाकून, अंग हलवून. “वैनी,” त्या उज्वलाबाईंना म्हणाल्या, “असाच हाय का हा माणूस?”

“असाच आहे,” उज्वलाबाई म्हणाल्या. “बाजारात जायचं तरी छत्री, बॅटरी आणि दोरी घेऊन जातो. तुमच्या पाण्याचं मनात काही नव्हतं हो त्याच्या. त्याच्या मनात फक्त गाडी बंद पडते.”

“ताई, चूक झाली,” अण्णा म्हणाले. “तुम्हाला कसं दिसेल याचा विचारच केला नाही.”

“जाऊ द्या,” कुसाबाई म्हणाल्या. “पन त्या अक्षरावर रंग फिरवा. पोरीची मान खाली गेली होती मघाशी.”

पंगत सावलीत बसली. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, वर कैरीची चटणी. अण्णांनी तिसरी भाकरी मागून घेतली. मंगळू आता शेजारी खेटून बसले होते आणि विहिरीचा कातळ कुठे लागला, सुरुंग कसा फुसका निघाला, असं सगळं मांडीवर थाप मारत सांगत होते.

संजना वाढायला आली तेव्हा हळूच म्हणाली, “अण्णा, मी सकाळीच सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का?”

तिने विचार केला. “नाही.”

“मग? पण इथून पुढे सांगत जा. ऐकेपर्यंत.”

उन्हं कलली तशी निघायची वेळ झाली. कुसाबाईंनी नितळलेलं पाणी स्वतः कॅनमध्ये भरून दिलं, पण दोनच. चार नेले तर गाडी पुन्हा झुलेल, असं उज्वलाबाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं. निरोप झाला, पाया पडून झालं, अण्णांनी जीप सुरू केली आणि बघतात तर कुसाबाई पुढच्या सीटवर येऊन बसलेल्या.

“ताई, सिन्नरला येताय?”

“सिन्नरला कशाला? दिवसभर या गाडीचं लय ऐकलं. चारी चाकं वडतात म्हनं. त्या टेकाडावर चढती का बघू.”

टेकाड खरोखर उभं होतं. अण्णांनी त्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. तेवढ्यात मागच्या सीटवर आशा आणि तिच्या मैत्रिणी घुसल्या होत्या, मंगळू दाराला धरून आत शिरत होते. ज्या जीपवर अण्णा कावळ्यालाही बसू देत नसत, तिच्यात आता पाय ठेवायला जागा नव्हती.

“सगळे घट्ट धरून बसा,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी चारही चाकांचा गियर टाकला.

खाली उभ्या असलेल्या उज्वलाबाई आणि संजना हसत बाजूला झाल्या. जीप गुरगुरत, मुरूम उडवत टेकाडाला लागली. अर्ध्यावर ती क्षणभर अडखळली तेव्हा आतून कुसाबाईंचा आवाज आला, “घाबरू नका व्याही, हाना.”

अण्णांनी हाणली.