पाचवं ‘का’

“काका, तुमचा पाचवा रकाना कोराच राहिलाय,” प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम वाकून म्हणाल्या.

क्वालिटी मॅनेजरांच्या त्या तीन दिवसांच्या वर्गात ते वयानं सगळ्यांत मोठे होते. व्हीलचेअरच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. मागच्या महिन्यात त्यांनी पास केलेल्या एका खुर्चीचा ब्रेक हॉस्पिटलच्या उतारावर सुटला आणि एक आजीबाई गेल्या. मालकांनी खुलाशात कारण लिहिलं, ‘तपासणाऱ्याचं अपुरं प्रशिक्षण’. म्हणून ते इथे बसले होते.

चुकीचं मूळ सापडेपर्यंत पाच वेळा ‘का’ विचारायचं, असा तो फॉर्म होता. चार ‘का’ लिहून झाले होते. ब्रेक का सुटला? स्प्रिंग ढिली होती. ढिली स्प्रिंग बाहेर का गेली? मी सही केली. सही का केली? मालक म्हणाले, गाडी दारात उभी आहे, कीस काढत बसू नका. त्यांचं का ऐकलं? भीती वाटली.

भीती का वाटली?

त्यांनी पेन्सिल उचलली. ‘बायकोचं डायलिसिस कंपनीच्या विम्यावर चालतं.’

मॅडमनी वाचलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “हे फॉर्ममध्ये बसत नाही हो काका. इथं पद्धतीतली चूक लिहायची असते.”

“मग काय लिहू?”

“‘प्रशिक्षणाची गरज’ लिहा. सगळे तेच लिहितात.”

त्यांनी ओळ खोडली आणि वळणदार अक्षरात तसं लिहिलं.

सोमवारी नव्या मालातले सहा ब्रेक ढिले निघाले. ते मालकांकडे गेले. “माल थांबवावा लागेल, साहेब.”

“सहाच ना? ते बदला, बाकीचे जाऊ द्या.”

“बाकीचेही एकेक करून बघायला हवेत. त्या आजीबाई…”

“ते प्रकरण मिटलं. तुमचं सर्टिफिकेट जोडलंय फायलीला.” मालकांनी माल पास केल्याचा कागद पुढे सरकवला. “आता तर शिकूनही आलात.”

त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन डायलिसिसला गेले. तिला मशीन लावून झालं, तेवढ्यात वॉर्डबॉयनं एका म्हाताऱ्या बाईंना व्हीलचेअरवरून आणलं, दाराशी ठेवलं आणि तो निघून गेला. खुर्ची त्यांच्याच कारखान्यातली होती. ते उठले आणि मागून खुर्चीच्या दोन्ही मुठी घट्ट धरून उभे राहिले.

“ब्रेक लावलाय हो,” त्या बाई म्हणाल्या. “बसा की तुम्ही.”

“असू दे, आजी.”

“अहो, बसा ना जरा,” पलंगावरून बायको म्हणाली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

वॉर्डबॉय परत यायला तासभर लागला. तोवर ते तसेच उभे होते.