विनामध्यंतर

मध्यंतर ठेवलं नाही तर मावशी मरेल, असं मी नाट्यमंडळाच्या बैठकीत सरळ बोलून टाकलं. मावशी खो खो हसत सुटली.

"आमची भित्री भागूबाई! हिला लहानपणी झुरळाचीसुद्धा स्वप्नं पडायची."

मी घाबरट आहेच. नाटकवाल्यांत वाढूनही रंगमंचावर कधी पाऊल टाकलं नाही. विंगेत स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करते. पण ही भीती झुरळाची नव्हती. आई गेल्यावर मला या मावशीनं वाढवलं, आणि तिचं हृदय आता थकलंय, हे डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं होतं. काम करा, पण मध्ये बसून विश्रांती घ्या, एवढीच त्यांची अट होती.

प्रयोग मिस्त्रीकाकांच्या मदतीसाठी होता. आमचे सगळे सेट त्यांनी ठोकलेले, पडदाही तेच ओढायचे. दिवे टांगताना शिडीवरून पडले आणि आता मणक्याच्या ऑपरेशनची वाट बघत इस्पितळात पडून होते.

चिटणीस मध्यंतराचं नाव काढू देईनात. "लोक चहाला म्हणून बाहेर पडतात आणि तिथूनच घर गाठतात. एका दमात रडवायचं आणि लगेच डबे फिरवायचे. डोळे ओले असतात तोवरच हात खिशात जातो."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली. "शिवाय मी एकदा खाली बसले की परत उठायची नाही."

ती हे गमतीनं म्हणाली.

घरी आल्यावर मी जेवण सोडायची धमकी दिली, तेव्हा कुठे ती एका गोष्टीला कबूल झाली. तिची भूमिका घर विकायला निघालेल्या मुलांशी भांडणाऱ्या आईची. नाटकभर चष्मा नाकावर, शाल खांद्यावर. सोसेनासं झालं तर तिनं तो चष्मा काढून हातात धरायचा. मिस्त्रीकाका नसल्यामुळे पडद्याची दोरी माझ्याच हाताशी होती. मी पडदा पाडायचा, मग चिटणीस कितीही थयथयाट करोत.

प्रयोगाला नाट्यगृह गच्च भरलं. मांडीवरच्या संहितेकडे माझं लक्षच नव्हतं, मी फक्त तो चष्मा बघत होते. मध्येच मावशीनं कपाळ पुसलं आणि मी झटकन दोरी धरली, तर तिनं तिथूनच माझ्याकडे असे डोळे वटारले की मी दोरी सोडून दिली.

मग थोरल्या मुलाशी भांडताना तिचा आवाज फाटला. त्या जागी तो कधीच फाटत नाही. प्रेक्षकांत कोणीतरी हुंदका दिला, कोणी टाळी वाजवली. त्यांना वाटलं, काय अभिनय आहे! मला वाटलं, ही गेली. तिचा हात सावकाश वर गेला, चष्मा निघाला, आणि मुलाचं वाक्य अर्धवट तोडून मी पडदा पाडला.

"कोणी पाडला? वाट लावलीत सगळी!" चिटणीस धावत आले.

"या बावळट पोरीनं!" खुर्चीत बसून मावशी कडाडली. "मी घाम पुसायला चष्मा काढला, तर हिनं पडदाच पाडला!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शालीखालून तिनं माझा हात धरला. तिची बोटं गारठली होती. चिटणीस मध्यंतराची घोषणा करायला वळल्यावर ती पुटपुटली, "बरं केलंस. मला भीती वाटली गं."

मावशीला भीती वाटते, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.

तिचे डॉक्टर पहिल्या रांगेतच बसले होते. त्यांनी येऊन गोळी दिली, नाडी बघितली आणि अँब्युलन्स बोलावली. "आता रंगमंचावर जायचं नाही. गाडी आली की निघायचं. तोवर मी इथेच आहे."

"तोवर नाटक चालू राहू दे," मावशी म्हणाली. "भागे, तुला सगळं पाठ आहे. तू जा. मी तुझ्या स्टुलावर बसते."

"मला नाही जमणार."

"मला तरी कुठे जमतंय? मिस्त्री तिकडे वाट बघतोय." तिनं शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि चष्मा माझ्या नाकावर चढवला.

"अगं, मग तू वाचणार कशी?"

"मी कधी वाचून बोललेय?"

चिटणीसांनी पडदा उघडला. मावशीच्या जाड भिंगांतून सगळंच धुरकट दिसत होतं. किती लोक परत आलेत ते कळेना, आणि विंगेतल्या स्टुलावर कोणी आहे की नाही, तेही कळेना. माझं पहिलंच वाक्य बाहेर पडेना. विंगेतून ते हलकेच ऐकू आलं, आणि मला थोडा धीर आला. आवाज येतोय म्हणजे ती आहे.

मग मी मुद्दाम थांबू लागले. वाक्य ओठांवर असायचं, तरी गिळायचे. विंगेतून ते आलं की पुढे बोलायचे. मुलगा झालेला नट घामाघूम झाला. त्याला वाटलं, मी सगळं विसरले. प्रेक्षक मात्र जागचे हलत नव्हते.

मुलाच्या हातात किल्ल्या देण्याचा प्रसंग आला आणि मी थांबले. विंगेतून काहीच आलं नाही. मी तशीच उभी राहिले. मागे कुठेतरी दार वाजलं, पावलं वाजली. नटानं दबक्या आवाजात मला वाक्य सांगितलं. मला त्याचं नको होतं. मी हातातल्या किल्ल्या घट्ट धरल्या, आणि तरीही बोलले नाही.

मग आवाज आला. दमलेला, धापा टाकणारा, आणि संहितेत नसलेला.

"भागे, गाडी आलीय. मी आहे अजून. तुला पाठ आहे ते, बोल."

मी बोलले.