पिवळी पट्टी

या कामात आकारामला मजुरी मिळायची नव्हती, फक्त रंगाचा खर्च. तरी त्यानं ते घेतलं, कारण त्याचा डोळा दुसरीकडं होता. खंडोबाचा रथ रंगवायचा मान त्याच्या बापाकडं असायचा. बाप गेल्यावर पंचांनी तो 'बघू' म्हणून अडकवला होता. चंपाषष्ठीला सगळी जत्रा आपलं काम बघेल, पंचांतले थोरले सुभेदार हंबीरराव बघतील, आणि रथ घरी परत येईल, असं त्याचं गणित. बघितलं खरं सगळ्यांनी.

काम होतं यल्लाप्पाचं. हा जतकडचा माणूस जत्रांतून आरशांचा तंबू लावायचा. अमेरिकेची स्कायलॅब आभाळातून डोक्यावर पडणार म्हणून लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, त्या साली त्यानं मुंबईच्या भंगारातून एक परदेशी खेळाचं मशीन आणलं. कपाटाएवढं खोकं, त्यात टीव्हीसारखी काच. काळ्या आभाळातून पांढऱ्या ठिपक्यांची फौज खाली उतरायची. तळाला आपलं एक विमान, दांड्यानं हलवायचं आणि बटण दाबून गोळ्या मारायच्या. रंग नावाला नाही. माधवनगरात गिरणीवाल्यांनी बघून विचारलं होतं, यात लढाई कुठं हाय?

याला जरा जीव आण, एवढंच यल्लाप्पानं आकारामला सांगितलं. फौज कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाला, परग्रहावरची. आकारामनं मलकापुरात ट्रकांवर वाघ, मोर, गाय-वासरू काढलं होतं. परग्रहाची त्याची ओळख नव्हती. आभाळ भरून चालून येणारी फौज त्याला एकच ठाऊक, मणी-मल्ल दैत्यांची. मग खोक्यावर खंडोबाचा पांढरा घोडा आला, दोन्ही अंगांना सुळेवाले दैत्य आले. काचेवर वरच्या बाजूला लाल पारदर्शक कागद चिकटला आणि तळाला पातळ पिवळ्या रंगाची पट्टी. विमान त्या पट्टीतून सरकलं की भंडाऱ्यात न्हाल्यासारखं दिसायचं. रंग कसा दिसतो तेवढं त्यानं मशीन लावून बघितलं. खेळ शेवटपर्यंत बघितला नाही. जनरेटर यल्लाप्पाचा, आणि त्यात जळणारं रॉकेल त्याला स्वतःच्या जिवाएवढं.

जत्रेदिवशी हंबीरराव तंबूत आले, घोडा बघितला आणि त्यांनी पायतण बाहेर काढून ठेवलं. मागच्यांनीही काढलं. आकारामला वाटलं, रथ आला. सुभेदारांचा नेम फौजेतला. सगळे दैत्य खलास केले. येळकोट झाला, भंडारा उधळला. तोवर वरून दुसरी फौज उतरली, पहिलीपेक्षा जलद. पिवळं विमान फुटलं. दुसरं आलं, फुटलं. तिसरंही फुटलं, आणि काचेवर इंग्रजी अक्षरं आली. ती वाचायची कुणाला गरज पडली नाही.

"पुन्यांदा उभा करा की देवाला," मागून चंद्राबाई म्हणाली. ही रथापुढं दिवटी धरणारी म्हातारी.

"नाणं टाका आजी, उभा ऱ्हातोय," यल्लाप्पा म्हणाला.

तिनं टाकलं. मग देवळाकडची रांग तंबूकडं वळली. खेळायची हौस कुणालाच नव्हती. विजयाच्या दिवशी देवानं एकदा तरी जिंकावं, एवढंच म्हणणं. बायका कनवटीची नाणी काढत होत्या आणि देव मरत होता.

आकारामनं यल्लाप्पाला बाजूला घेऊन मशीन बंद करायची विनवणी केली.

"ह्यो खेळ जितायचा न्हाईच, गड्या," यल्लाप्पा हळूच म्हणाला. "जितला तर दुसरं नाणं कोण टाकंल?"

तेव्हा आकारामला एकच सुचलं. रंग गेला की देव जाईल, विमान विमानाच्या जागी राहील. त्यानं फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि भर गर्दीत काचेवरची पट्टी पुसायला घेतली. दांडा तेव्हा चंद्राबाईच्या हातात होता. लोकांना दिसलं ते एवढंच, की देव लढतोय आणि आकाराम त्याला रॉकेलच्या फडक्यानं पुसतोय.

कुणी अंगावर हात टाकला नाही. हंबीररावांनी पायतण घातलं.

"तुझा बाप आंघुळ केल्याबिगर रथाला शिवत नव्हता रं," ते म्हणाले.

रथ सांगलीच्या एका बोर्ड रंगवणाऱ्याकडं गेला. हंबीररावांचा नेम चुकला ही गोष्ट कुणी काढली नाही. खोक्यावरचा घोडा पुसायला यल्लाप्पाला जादा रॉकेल लागलं, तेही त्यानं आकारामच्याच डब्यातलं वापरलं. चंद्राबाईची नाणी गेली आणि वर ती उपाशी राहिली, देव हरला म्हणून. बाकी सगळं आकारामच्या नावावर पडलं. मलकापुरातले ट्रकवालेसुद्धा आता त्याच्याकडून फक्त गाडीचा नंबर घालून घेतात.